जुन्या एमजीबीच्या ऑइल कूलरचा होज गळू लागला तर : निदानापासून नवा होज बसवण्यापर्यंत

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही छोटी स्पोर्ट्स मोटार आजही तिथल्या रस्त्यांवर नियमित दिसते, आणि तिथे राहणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मराठी हौशी मंडळींपैकीही काहींच्या दारात ती उभी असते. तिचे १७९८ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन (बीएमसी) या कंपनीच्या ज्या ‘बी’ मालिकेतले आहे, त्याच मालिकेतले १४८९ सीसीचे इंजिन आपल्याकडे अँबॅसॅडरमध्ये वर्षानुवर्षे बसत होते. म्हणून अँबॅसॅडरवर हात बसलेल्या मेकॅनिकला एमजीबीचे बॉनेट उघडल्यावर बरेच काही ओळखीचे वाटते. मात्र अँबॅसॅडरमध्ये नसलेली एक गोष्ट त्याला इथे दिसते. रेडिएटरच्या पुढे बसवलेला, इंजिनाचे तेल थंड करणारा छोटा ऑइल कूलर आणि त्याच्याकडे जाणारे-येणारे दोन जाड होज पाइप. हा लेख त्या दोन होजबद्दल आहे.

गळतीचा विचार करण्यापूर्वी या होजमधून काय वाहते हे नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण बहुतेक चुकीचे निर्णय ते न समजल्यामुळे होतात. ऑइल पंप चेंबरमधून, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भांड्यातून, तेल ओढतो आणि ते ब्लॉकच्या उजव्या बाजूला, मागच्या टोकाशी असलेल्या तोंडातून बाहेर पाठवतो. तिथून पहिला, लांब होज ते कूलरकडे नेतो, आणि कूलरमधून निघालेले तेल दुसऱ्या होजने ऑइल फिल्टरच्या डोक्यात शिरते. फिल्टरमधून गाळून मगच ते मुख्य वाहिनीत, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत पोहोचते. याचा अर्थ असा की बेअरिंगांना मिळणारा तेलाचा प्रत्येक थेंब आधी या दोन होजमधून जातो, आणि तोही पंपाच्या पूर्ण दाबाखाली. रेडिएटरचा होज फुटला तर इंजिन तापते आणि सावध होण्यासाठी थोडा तरी अवधी मिळतो. ऑइल कूलरचा होज फुटला तर काही क्षणांतच बेअरिंग कोरडी पडू लागतात. ‘थोडेसे पाझरते आहे, पुढच्या सर्व्हिसला पाहू’ हा विचार गिअरबॉक्सच्या सीलबाबत एक वेळ चालेल, इथे अजिबात चालत नाही.

चालत्या गाडीत गळती झाली तर

एमजीबीच्या डॅशबोर्डवर तेलाच्या दाबाचा गेज असतो. गरम इंजिनावर धावताना तो साधारण ५० ते ८० पौंड प्रति चौरस इंच दाखवतो आणि आयडलिंगला १० ते २५ पौंडांपर्यंत उतरतो. धावत्या गाडीत काटा अचानक खाली जाऊ लागला, किंवा मागच्या आरशात निळसर धूर आणि रस्त्यावर ओली रेघ दिसली, तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत पोहोचण्याचा मोह टाळावा. क्लच दाबून इंजिन ताबडतोब बंद करावे आणि गाडी आपल्या गतीने कडेला घ्यावी. ज्या गाड्यांत इग्निशनच्या चावीलाच स्टीअरिंगचे कुलूप जोडलेले आहे, तिथे गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी बाहेर काढू नये, नाहीतर स्टीअरिंग अडकेल.

माझ्या गाडीचा होज एका पावसाळी संध्याकाळी असाच फुटला. काटा साठावरून विसावर आलेला मी पाहिला, ‘गेज बिघडला असेल’ असे स्वतःला समजावले आणि आणखी काही सेकंद गाडी चालवली. बेअरिंग वाचली, पण ती माझ्या शहाणपणामुळे नव्हे. फुटलेला होज जेमतेम दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून नवीन म्हणून घेतलेला होता. तेव्हापासून गेजवर संशय घेण्याआधी मी इंजिन बंद करतो.

कडेला थांबल्यावर होजला टेप गुंडाळणे, चिरेवर रबराचा तुकडा ठेवून वर्म क्लिप आवळणे, सायकलच्या ट्यूबने बांधणे हे उपाय करू नयेत. थंड, घट्ट तेलाने सुरू केलेल्या इंजिनात हा दाब सहज चार बारच्या (सुमारे ५८ पौंडांच्या) वर जातो आणि असली पट्टी काही मिनिटांतच सुटते. त्याहून मोठी चूक म्हणजे गळका होज काढून ब्लॉकचे तोंड बूच मारून बंद करणे. तसे केल्यास बेअरिंगांकडे तेल जाण्याची वाटच बंद होते. खरा तात्पुरता उपाय एकच आहे. ज्या एमजीबींना कूलर बसवलेला नसे, त्यांत ब्लॉकच्या तोंडापासून फिल्टरपर्यंत थेट जाणारी धातूची नळी असे. ती आजही सुट्या भागांच्या विक्रेत्यांकडे मिळते. ती नळी, तिचे वॉशर आणि तेलाचा एक डबा डिकीत असेल, तर कूलर वगळून घरी परत येता येते. हे सामान जवळ नसेल तर गाडी टो करून न्यावी.

गळती नेमकी कुठून होते

तेल वाऱ्यासोबत मागे आणि वजनाने खाली जाते. त्यामुळे ओला डाग जिथे दिसतो तिथे गळतीचे मूळ क्वचितच असते. ते जवळजवळ नेहमीच त्याच्या पुढे किंवा वर असते. प्रथम इंजिनाची उजवी बाजू, फिल्टरचे डोके, दोन्ही होज आणि कूलर रॉकेल किंवा डीग्रीझरने स्वच्छ धुऊन, पुसून पूर्ण कोरडे करावेत. डिस्ट्रिब्युटर याच बाजूला असतो, त्यामुळे धुण्याआधी त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. कोरड्या भागांवर टाल्कम पावडरचा पातळ थर मारावा. मग गाडी हँडब्रेकवर आणि न्यूट्रलमध्ये ठेवून थंड इंजिन सुरू करावे, कारण थंड तेलात दाब सर्वाधिक असतो आणि लपलेली चीरही तेव्हाच उघडी पडते. एकाने गेज पाहावा आणि दुसऱ्याने टॉर्चने होज पाहावेत. फॅन फिरत असताना ढगळ बाही, मफलर किंवा हात आत जाऊ देऊ नयेत, आणि बारीक फवारा दिसला तर त्यावर बोट ठेवू नये.

डोळ्यांनी तपासायच्या जागा मोजक्या आहेत. होजच्या टोकाला जिथे रबर धातूच्या टोपीत दाबून बसवलेले असते, तिथे बहुतेक पाझर सुरू होतात. त्या कडेला ओलसर कडे दिसले तर आतला सांधा सैल झाला आहे असे समजावे, आणि तो आवळून दुरुस्त होत नाही. दुसरी जागा म्हणजे रेडिएटर ज्या उभ्या पत्र्यावर बसतो त्यातली भोके. होज तिथून पुढे जातात आणि त्यांच्याभोवतीचे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारी संरक्षक कडी) कडक होऊन फाटले असतील, तर पत्र्याची धार इंजिनाच्या प्रत्येक थरथरीबरोबर होज कापत राहते. ही जखम बाहेरून दिसत नाही. ग्रोमेट बाजूला सरकवूनच पाहावे लागते. तिसरी जागा वाकण्याची. तिथे होज हाताने थोडा वाकवून पाहावा. रबरावर बारीक जाळीसारख्या भेगा उघडल्या, किंवा तो लाकडासारखा कडक, नाहीतर उलट फुगून मऊ लागला, तर त्याचे आयुष्य संपले आहे.

एक फसवणारी गोष्ट वेगळी सांगायला हवी. ब्लॉकच्या उजव्या-मागच्या कोपऱ्यातच, मोठ्या होजच्या जवळून, दाबाच्या गेजकडे जाणारी एक बारीक लवचीक नळीही निघते. तीही जुनी होऊन गळते आणि तिचे तेल थेट मोठ्या होजवर उतरते. कूलरचे दोन्ही होज बदलूनही गळती ‘परत आली’ अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा दोष पुष्कळदा या बारीक नळीचा असतो. ती संशयास्पद वाटली तर त्याच कामात बदलून टाकावी. तिची किंमत फार नसते, आणि ती फुटली तरी इंजिनाचे तेल तितक्याच निश्चितपणे रस्त्यावर जाते.

नवा होज निवडताना

दोन्ही होज एकदमच बदलावेत. ते एकाच वयाचे असतात, एकाच उष्णतेत शिजलेले असतात, आणि एक गेला की दुसरा रांगेत उभा आहे असे धरून चालावे.

या गाडीसाठी आज बाजारात मूळ नमुन्याचे रबरी होज आणि वरून स्टीलच्या तारांची वीण असलेले होज असे दोन प्रकार मिळतात. रबरी होजच्या दर्जात फार तफावत आढळते. काही दशकभर टिकतात, तर काही दोन-तीन वर्षांत तडकतात. म्हणून विक्रेत्याला निर्मितीची तारीख आणि तापमानाची मर्यादा विचारण्यात संकोच करू नये. स्टीलच्या विणीचे होज टिकाऊ असले तरी त्यांचे दोन दोष आहेत. वीण करवतीसारखी असते, आणि ती रंग, पत्रा, वायर यांपैकी ज्याला घासेल ते झिजवते. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. एमजीबीत सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, ब्लॉकच्या त्या मागच्या तोंडाच्या खालीच असते, आणि तिच्यावर येणारी जाड केबल इग्निशन बंद असतानाही थेट बॅटरीला जोडलेली असते. उघडी स्टीलची वीण त्या टर्मिनलला टेकली तर शॉर्ट सर्किट होऊन तेलाने भरलेला होजच जळू शकतो. असा होज घेतला तर त्यावर रबरी किंवा कापडी आवरण असलेलाच घ्यावा, आणि टर्मिनलवरची रबरी टोपी शाबूत आहे याची खात्री करावी.

महाराष्ट्रात ज्यांच्याकडे बाहेरचा ऑइल कूलर असलेली जुनी गाडी आहे आणि तयार होज मिळत नाही, त्यांच्यासाठी चांगला पर्याय घराजवळ आहे. भोसरी, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव अशा औद्योगिक वसाहतींच्या परिसरात पोकलेन, जेसीबी आणि कारखान्यांतील प्रेसना लागणारे हायड्रॉलिक होज मापानुसार क्रिंप करून, म्हणजे टोकांना धातूच्या टोप्या दाबून बसवून, देणारी दुकाने असतात. जुना होज नमुना म्हणून नेला की ते तसाच बनवून देतात. इथे बहुतेक जण दाबाची विचारणा करतात, पण प्रश्न दाबाचा नसतोच. साधा एसएई १००आर१ (हायड्रॉलिक होजच्या मानकातील एक प्रत) होज शंभर बारहून अधिक दाब सहन करतो आणि इंजिनाला तर पाच-सहा बारच पुरतात. प्रश्न तापमानाचा आहे. त्याच आर१ होजची नेहमीची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, आणि हायवेवर दीर्घकाळ वेगात चालवलेल्या गाडीचे इंजिन ऑइल त्याच्या वर जाऊ शकते. असा होज फुटणार नाही, पण आतून कडक होत जाईल आणि टोपीच्या कडेला पाझरू लागेल. म्हणून दुकानदाराकडे अधिक तापमानाचे रबर मागावे, किंवा आतून टेफ्लॉन आणि बाहेरून स्टीलची वीण असलेला एसएई १००आर१४ होज घ्यावा, ज्याची मर्यादा २०० अंशांच्या पुढे आहे. टेफ्लॉनचा होज मात्र लहान वळणात दुमडला की कायमचा बाद होतो, म्हणून त्याची लांबी थोडी सढळ ठेवावी. होजचा आतला व्यास जुन्यापेक्षा कमी असू नये. दोन्ही टोकांचे आटे ब्रिटिश पाइप मापाचे आहेत की मेट्रिक, हे दुकानात गेज लावून पडताळावे. जवळपास सारखे दिसणारे आटे दोन फेरे जातात आणि मग कूलरच्या तोंडाचे आटे उडवतात.

प्रत्यक्ष काम

हे काम इंजिन पूर्ण थंड असताना, सपाट जागेवर करावे. आदल्या दिवशी चारही सांध्यांवर गंज सोडवणारे तेल फवारून ठेवावे. कूलरच्या दोन सांध्यांवर ते सकाळ-संध्याकाळ फवारले तर अधिक बरे. बॅटरीची अर्थ केबल सर्वप्रथम सोडावी. एमजीबीत बॅटरी सीटच्या मागे, कप्प्याच्या तळाखाली असते, आणि १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. ती सोडण्यात दहा मिनिटे जातात म्हणून अनेक जण हे टाळतात, पण मागचा नट सोडताना पाना सेल्फच्या टर्मिनलपासून काही बोटांवर फिरणार असतो, हे लक्षात ठेवावे. गाडीखाली जायचे असल्यास ती जॅकवर नव्हे, तर पक्क्या स्टँडवर ठेवावी.

होज बदलण्यासाठी चेंबरचे तेल काढणे अनिवार्य नाही, कारण इंजिन बंद असताना होज आणि कूलरमधलेच तेल बाहेर येते आणि ते साधारण अर्धा लिटर भरते. तरीही तेल आणि फिल्टर याच वेळी बदलावेत असा माझा आग्रह आहे. झडणाऱ्या जुन्या होजच्या आतल्या रबराचे कण फिल्टरमध्येच अडकलेले असतात, आणि ते तिथे ठेवून नवे होज लावण्यात अर्थ नाही. होज कोणत्या मार्गाने जातात आणि कोणता कोणत्या भोकातून जातो, याचे फोटो सोडण्याआधीच काढून ठेवावेत.

सुरुवात इंजिनाकडच्या टोकांपासून करावी. खाली पसरट भांडे ठेवून आधी फिल्टरकडचा आणि मग ब्लॉककडचा नट सोडावा. दोन्ही ठिकाणी एका पान्याने मधला अडॅप्टर (जोडतुकडा) धरावा आणि दुसऱ्याने होजचा नट फिरवावा, नाहीतर नटाबरोबर अडॅप्टरही फिरतो आणि त्याखालचा तांब्याचा वॉशर सुटून नवीच गळती निर्माण होते. उघडी तोंडे लगेच स्वच्छ कापडाने किंवा प्लॅस्टिकच्या बुचांनी झाकावीत.

कूलरकडची टोके गाडीवरच सोडण्याची घाई करू नये. या संपूर्ण कामातला सर्वांत नाजूक टप्पा हाच आहे. होजचा नट पोलादी आणि कूलर ॲल्युमिनियमचा. इंग्लंडमधील हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते खारट पाणी नेमके गाडीच्या तोंडाशी बसलेल्या या सांध्यात वर्षानुवर्षे झिरपलेले असते. दोन धातू एकमेकांना इतके धरतात की नटाला जोर दिला तर नट सुटत नाही, कूलरची मान पिळून फाटते. यावर उपाय असा, की कूलरचे बोल्ट काढावेत, ग्रोमेट सोडवावेत आणि होज पत्र्याच्या भोकांतून पुढे ओढून कूलरसह सगळे एकत्र बाहेर घ्यावे. मग कूलर टेबलावर ठेवावा, त्याच्या तोंडावरचा षटकोन एका पान्यात घट्ट धरावा आणि दुसऱ्या पान्याने नट सोडवावा. दोन्ही पाने एकमेकांविरुद्ध दाबायचे, म्हणजे सगळा पिळा त्या दोघांतच राहतो आणि कूलरच्या पातळ पत्र्यापर्यंत पोहोचत नाही. तरीही नट हलला नाही तर जुना होज टाकूनच द्यायचा आहे हे आठवावे. होज कापून टाकावा, नटाच्या एका बाजूला हॅक्सॉने आट्यांच्या अगदी जवळपर्यंत उभी खाच पाडावी आणि छिन्नीने ती हलकेच फाकवावी. नट उघडतो आणि आटे वाचतात. गॅसची ज्योत वापरू नये, कारण आत तेल आहे.

कूलर हातात आलाच आहे तर त्याच्या पाकळ्यांतली माती आणि किडे ब्रशने, पाण्याने काढावेत, वाकलेल्या पाकळ्या सरळ कराव्यात आणि शिवणींवर ओलावा आहे का ते पाहावे. आतून रॉकेलने दोन-तीनदा खळबळून, उलटा करून पूर्ण निथळू द्यावा. गाडीचे बेअरिंग पूर्वी कधी जळून त्याचा धातू तेलात गेला असेल, तर मात्र कूलर धुण्यावर विश्वास ठेवू नये. त्याच्या अरुंद वाटांत अडकलेले कण पुढे कधीतरी सुटतात. असा कूलर टाकून नवा घ्यावा.

आता बसवणे. दुकानात क्रिंप केलेल्या होजमध्ये रबर कापतानाचा भुसा राहतो, म्हणून नवे होज आतून हवेने फुंकावेत आणि स्वच्छ तेलाने खळबळून घ्यावेत. पत्र्याच्या भोकांची धार कानशीने बोथट करून तिला गंजरोधक रंग लावावा आणि ग्रोमेट नवेच वापरावेत. होज आधी भोकांतून नेऊन, चारही नट प्रत्येकी तीन-चार फेरे फक्त हाताने बसवावेत. नट हाताने सहज जात नसेल तर आटे तिरपे बसले आहेत असे समजून लगेच मागे घ्यावा. बसक्या पृष्ठभागावर तेलाचे बोट फिरवावे. टेफ्लॉन टेप किंवा गॅस्केट सोल्यूशन मात्र लावू नये. या सांध्यात आटे गळती अडवत नाहीत. शंकूच्या आकाराचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर बसून ती अडवतात, आणि टेपचा सुटलेला धागा तेलाच्या वाटेत जाण्याखेरीज दुसरे काही करत नाही. अडॅप्टरखालचे तांब्याचे वॉशर नवे घालावेत.

होजचा नैसर्गिक बाक ओळखून, तो सेल्फचे टर्मिनल, फॅन आणि स्टीअरिंगचा दांडा यांपासून दूर राहील असा मांडावा. मगच दोन पान्यांनी नट आवळावेत, आणि आवळताना होजवर छापलेली सरळ रेघ पाहत राहावी. रेघ वेटोळे घेऊ लागली तर होज पिळला जात आहे. पिळलेला होज पहिल्याच उन्हाळ्यात टोपीपाशी तडकतो. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते आणि कूलर पत्र्याला जखडलेला असतो, म्हणून होजमध्ये थोडी ढील राहिली पाहिजे. ताणून बसवलेला होज कधीच टिकत नाही.

पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी

कूलर, होज आणि नवा फिल्टर सगळे रिकामे आहेत, आणि ते भरेपर्यंत बेअरिंगांकडे काहीच जाणार नाही. शक्य असेल तर कूलर आणि लांब होज जोडण्याआधीच तेलाने भरून घ्यावेत. चेंबरमध्ये २०डब्ल्यू-५० तेल ऑइल पट्टीच्या वरच्या खुणेपर्यंत भरावे आणि आणखी अर्धा लिटर हाताशी ठेवावे. बॅटरी जोडावी, पण इग्निशन कॉइलची वायर काढून ठेवावी आणि चारही स्पार्क प्लग काढावेत, म्हणजे सेल्फवर भार येत नाही. दहा-दहा सेकंद सेल्फ मारावा, मध्ये त्याला निवू द्यावे, आणि गेजचा काटा स्पष्टपणे वर चढेपर्यंत हे चालू ठेवावे. काटा चढलाच नाही तर इंजिन सुरू करू नये. कुठे बूच किंवा कापड राहिले आहे का, हे आधी शोधावे.

काटा चढल्यावर प्लग आणि वायर लावून इंजिन आयडलिंगला सुरू करावे आणि चारही सांधे कोऱ्या पांढऱ्या कागदाने पुसून पाहावेत. कागदावर ओल दिसली तर इंजिन बंद करून तो नट किंचित आवळावा. चालू इंजिनावर पाना लावू नये. पाच मिनिटांनी इंजिन बंद करून, तेल खाली उतरू देऊन पातळी पाहावी आणि कमी झालेले तेल भरावे. पन्नास-साठ मैल चालवून झाल्यावर, आणि पुन्हा महिन्याभराने, हीच कागदाची तपासणी करावी. सांडलेले तेल रबरी इंजिन माउंटिंग, स्टीअरिंगचे रबरी बूट आणि पुढच्या ब्रेकजवळ पोहोचले असेल तर ते धुऊन काढावे, कारण तेलाने रबर फुगते आणि ब्रेक पॅडवर गेलेले तेल फार धोकादायक ठरते. काढलेले जुने तेल इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिलच्या पुनर्वापर केंद्रात देता येते. आपल्याकडे ते वापरलेले तेल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यक्तीकडे जाईल अशा गॅरेजला द्यावे, गटारात ओतू नये.

कूलर ठेवावा की काढावा, हा प्रश्न अनेकांना पडतो. इंग्लंडच्या हवेत, रविवारी वीस मैल फिरणाऱ्या गाडीला त्याची फारशी गरज नसते. उलट मूळ रचनेत थर्मोस्टॅट नसल्यामुळे हिवाळ्यात तेल पुरेसे तापतच नाही. अशा वेळी धातूची थेट नळी लावून कूलर बाजूला ठेवण्यात मला गैर वाटत नाही. उन्हाळ्यात युरोपभर हायवेने फिरणाऱ्यांनी आणि आपल्याकडच्या उन्हात गाडी चालवणाऱ्यांनी मात्र तो ठेवावा, जमल्यास तेलाचा थर्मोस्टॅट जोडून.

ब्रिटनमध्ये २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठा बदल न केलेल्या गाड्यांना एमओटी या गाडीच्या सुरक्षिततेच्या वार्षिक सरकारी तपासणीतून सूट मिळाली आहे. त्यामुळे आज बहुतेक एमजीबींच्या खाली वर्षातून एकदा टॉर्च घेऊन पाहणारा तो तिऱ्हाईत माणूस आता उरलेला नाही. ते काम मालकाने स्वतः, दर वसंत ऋतूत गाडी बाहेर काढण्यापूर्वी करावे : ग्रोमेट सरकवून, होज वाकवून, टोप्यांच्या कडा कागदाने पुसून. होज बसवल्याची तारीख त्याला बांधलेल्या पत्र्याच्या छोट्या बिल्ल्यावर कोरून ठेवावी, आणि रबरी होज असेल तर पाच वर्षांनी, तो चांगला दिसत असला तरी, बदलावा.